तोंडातलं फडकं

धाकट्याचं लग्न ठरलं आणि मोडलं, त्याच साली ती चौघं नदी ओलांडून अलीकडे आली. लग्न कुणी मोडलं नाही, ते आपोआप मोडलं. बंदूकवाले गावात शिरले तेव्हा मुलीकडची माणसं एका दिशेला पळाली आणि ही दुसऱ्या. पुन्हा गाठ पडली नाही. गावातल्या पुरुषांना नदीच्या वाळूत ओळीनं उभं केलं होतं. हे दोघे भाऊ तेव्हा रानात झाड कापत होते म्हणून वाचले. थोरल्यानं खांद्यावर बापाची करवत घेतली, धाकट्यानं पाठीवर आई घेतली, थोरल्याच्या बायकोनं हाताला लागेल ते गाठोडं घेतलं, आणि छातीएवढ्या पाण्यातून ती या काठाला लागली. गाठोडं सोडून पाहिलं तर आत धाकट्याचा लग्नासाठी शिवलेला निळ्या पट्ट्यांचा सदरा होता.

"वहिनी, भांडी राहिली आणि नवरदेव आणलास होय," धाकटा म्हणाला. ओल्या अंगानं, थंडीनं कुडकुडत सगळी हसली. पुढे तोच सदरा त्यानं कामावर घालून घालून विटवला, कारण दुसरा नव्हताच.

डोंगराच्या पायथ्याशी एक लाकडाची वखार होती. वखारीच्या शेठला करवत ओढणारी माणसं हवी होती आणि त्यांच्याकडे कागद आहेत की नाहीत हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. उलट नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. वखारीमागची भुसा भरायची खोली त्यानं यांना दिली. भिंतीच्या फटींतून वारा यायचा आणि निजलं की केसांत, कानांत, अंथरुणात भुसाच भुसा. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती दिवसभर उंबऱ्यावर बसून कानानं जग बघायची. कोण आलं, कोण गेलं, कोणत्या ओंडक्यावर करवत लागली, सागावर की बाभळीवर, हे ती आवाजावरून सांगायची.

करवत म्हणजे दोघांची. पुरुषभर लांब पातं, दोन्ही टोकांना लाकडी मूठ. तिचा एकच कायदा, आपल्याकडे ओढायची, समोरच्याकडे ढकलायची नाही. ढकललं की पातं वाकतं, लाकडात अडकतं, दात जातात. आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा आणि समोरच्याला ओढू द्यायचं. दोघे भाऊ लहानपणापासून असे समोरासमोर उभे राहिलेले, त्यामुळे एकाला दम लागला की दुसऱ्याचा हात आपसूक हळू व्हायचा.

आणि दुसरा कायदा हाकेचा. तो बापानं घालून दिलेला. झाड पाडताना खाचेच्या वरच्या अंगाला जो उभा असेल, त्यानं शेवटची ओढ ओढण्याआधी हाक द्यायची. "येतंय होऽऽ, सराऽऽ!" हाक द्यायची, खाली कुणाची हालचाल दिसते का बघायचं, आणि मगच ओढायचं. वरच्या अंगाला नेहमी थोरला असायचा. हाक त्याची. इतकी अंगात भिनलेली की वखारीत आडवा पडलेला ओंडका कापतानाही शेवटच्या ओढीला त्याच्या तोंडून ती निघून जायची. वखारीतली माणसं हसायची.

"अरे, ते मेलेलं लाकूड आहे, ते कुठे पडणार?" मुकादम म्हणायचा.

"पडेल न पडेल. खाली मुंगी असली तर तिला तरी कळायला नको?" थोरला म्हणायचा.

डोंगरावरच्या राखीव रानाचा एक रखवालदार होता. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. तो उतरता उतरता वखारीत टेकायचा, चहा प्यायचा. पहिल्याच दिवशी यांच्या बोलण्याच्या हेलावरून त्यानं ओळखलं होतं की ही पलीकडची आहेत. पण तो म्हणाला, "माझं काम झाडं मोजायचं. माणसं मोजायला वेगळे साहेब आहेत." म्हातारीला तो आजी म्हणायचा. एकदा तिच्यासाठी डोळ्यात घालायच्या औषधाची बाटलीही घेऊन आला. थोरल्याच्या हाकेची तो हुबेहूब नक्कल करायचा. "डोंगरावरून ऐकू येते रे तुझी हाक. मला वाटतं, माझंच झाड पाडतोयस की काय!"

एकदा धाकट्यानंही गंमत म्हणून हाक दिली. सुरुवात खणखणीत, पण शेवटी आवाज चिरकला आणि वर जाऊन फाटला. आतून म्हातारी ओरडली, "धाकट्या, तुझ्या हाकेला शेपूट आहे. तुझ्या बापाची सरळ जायची. थोरल्याची तशी जाते."

"मग काय, मी नवरा मुलगा आहे. मला ओरडायची सवय लागायची आहे अजून," धाकटा म्हणाला. तोंडात कानस धरून करवतीच्या दातांवर रॉकेलचं फडकं फिरवत तो कितीतरी वेळ हसत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात रान बंद झालं. एकही झाड कापायचं नाही असा हुकूम निघाला. वखारीत ओंडके यायचे थांबले. होते ते संपत आले. वारा सुटण्याचे ते दिवस. दुपार झाली की डोंगरावरून असा वारा यायचा की वखारीच्या पत्र्यांचा खडखडाट थांबायचा नाही आणि भुसा उडून डोळे लाल व्हायचे. भाऊ सकाळी करवतीला धार लावायचे आणि रिकामे बसायचे. धार लावून लावून दात झिजतात, तरी लावायचे, कारण हातांना दुसरं काही माहीत नव्हतं.

शेठनं मग थोरल्याच्या बायकोला घरी धुण्याला बोलावलं. धाकट्याला त्याच्या आवारातला संडास साफ करायला लावला. धाकट्यानं तो केला, वर शेठाणीला म्हणाला, "बाई, यात करवत चालत नाही, नाहीतर अजून लवकर झालं असतं." घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून निजला.

एके सकाळी मुकादम आला. तो उंबऱ्यावर बसला नाही. उभ्यानंच बोलला.

"शेठ म्हणतात, काम आहे. वर डोंगरात."

"रान तर बंद आहे," थोरला म्हणाला.

"रान बंद आहे म्हणूनच काम आहे. चालू असतं तर तुम्हाला कोण विचारतं?"

"आम्ही चोरी नाही करत, मुकादम."

मुकादमानं खोलीत नजर फिरवली. "ही खोली कुणाची? ठाण्यात जाऊन सांगितलं की अमुक ठिकाणी चार माणसं बिनकागदाची राहतात, तर गाडी यायला किती वेळ लागतो? आणि ती गाडी कुठे सोडते, ते तुम्हाला माहीत आहे. मी नाही बाबा बोलत, शेठ बोलतात. मी निरोप्या."

गाडी नदीवर सोडते. पलीकडच्या वाळूवर. हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हातारी उंबऱ्यावरून म्हणाली, "दिवसाढवळ्या कापणार?"

"दुपारी. वाऱ्यात. वाऱ्यात करवत ऐकू येत नाही आजी. रखवालदारही दुपारी खालच्या चौकीत झोपतो." मग तो थोरल्याकडे वळला. "आणि ते तुझं भोकाड बंद. एक शब्द नाही. कळलं?"

पहिलं झाड जुनं, सरळसोट सागाचं होतं. धाकट्यानं कुऱ्हाडीनं खाच घेतली, मागून करवत लावली. वारा असा होता की ओढीचा आवाज त्यांच्याच कानांवर येत नव्हता, फक्त हाताला कळत होता. भुसा ओला, गोड वासाचा. जिवंत झाडाचा भुसा असा असतो, वखारीत तो वास विसरायला होतं. शेवटची ओढ आली आणि थोरल्याच्या तोंडून हाक निघून गेली. "येतंय होऽऽ..."

झाड पडलं. मुकादम खडकावरून धावत आला आणि त्यानं थोरल्याच्या कानाखाली वाजवली. थोरला वयानं त्याच्यापेक्षा मोठा होता. धाकट्याच्या देखत, बापाच्या करवतीसमोर त्यानं मार खाल्ला आणि म्हणाला, "चुकलं. तोंडातून गेलं."

"तोंडातून जातं ना? मग तोंडच बंद करू."

मुकादमानं थोरल्याच्याच कमरेचं फडकं सोडलं. घाम पुसायचं, रॉकेलचा वास मारणारं. त्याचा बोळा करून त्याच्या हातात दिला. "धर दातांत."

पुढच्या झाडाला थोरल्यानं ते फडकं तोंडात धरलं. शेवटच्या ओढीला त्याची छाती भरून आली, गळ्याच्या शिरा तटतटल्या, आणि हाक फडक्यात मुरली. नुसतं 'हूं' झालं, बैल कण्हतो तसं.

उतरताना धाकटा म्हणाला, "दादा, बैलाला मुसकं घालतात ते त्यानं पिकाला तोंड लावू नये म्हणून. तू काय खाणार होतास?"

थोरला हसला नाही. मग धाकटा म्हणाला, "फडकं मला दे. धुऊन ठेवतो."

असं वाऱ्याच्या दिवसांत बऱ्याच दुपारी चाललं. शेठचं धुणं बंद झालं, संडास बंद झाला. मुकादम आता उंबऱ्यावर टेकायला लागला. शेठनं म्हातारीसाठी एक जुनी गादी पाठवली. शिट्टी वखारीत चहाला आला की थोरला कामाचं निमित्त काढून मागे जायचा. शिट्टी म्हणायचा, "हल्ली तुझी हाक ऐकू येत नाही रे?" थोरला म्हणायचा, "कामच नाही, तर हाक कसली?" आणि ओठाच्या कोपऱ्यातल्या जखमा जिभेनं चाटायचा. फडक्याच्या घर्षणानं त्या कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या.

त्या दिवशी शेठला मोठं झाड हवं होतं. घळीच्या तोंडाशी उभं होतं, दोघांच्या मिठीत मावणार नाही एवढं. थोरला वरच्या अंगाला, धाकटा खालच्या. मुकादम खडकावर पहाऱ्याला. खाच मोठी घेतली, मागून पाचरी ठोकत ठोकत करवत आत नेली. दोघांचे सदरे अंगाला चिकटले होते. झाड आता कुरकुरायला लागलं. मोठ्या झाडाचं तसं असतं, ते पडायच्या आधी पोटातून आवाज काढतं.

आणि थोरल्याला खाली, घळीत, झाड जिकडे पडणार बरोबर त्या वाटेवर, शिट्टीची खाकी टोपी दिसली. वाऱ्याला डोकं देत, मान खाली घालून, तो दगडावर हात टेकत वर चढत होता. तो यांना शोधत होता की असाच फेरीवर होता, देव जाणे. वर त्याचं लक्ष नव्हतं.

थोरल्याचा हात थांबला. खडकावरून मुकादमानंही पाहिलं. तो दोन्ही हात हलवून तोंडावर बोट ठेवत होता. झाडानं पुन्हा पोटातून आवाज काढला. आता ओढ लागणार नव्हती. वारा ते पाडणार होता.

फडकं काढायला एका हाताचं काम होतं. मूठ सोडायची, बोळा उपसायचा आणि ओरडायचं. ओरडलं की शिट्टी वर बघेल. वर बघितलं की आपण. आपण म्हणजे ठाणं, गाडी, नदी, वाळू. थोरल्याच्या दातांनी फडकं आणखी घट्ट धरलं. त्यानं ठरवून धरलं असं नाही. पण त्यानं सोडलंही नाही.

धाकट्यानं भावाचा चेहरा पाहिला, त्याच्या नजरेच्या दिशेनं खाली पाहिलं, पुन्हा भावाकडे पाहिलं. दादा हाक देईल म्हणून तेवढा वेळ तो थांबला. मग त्यानं मूठ सोडली आणि पोटातला सगळा वारा काढून तो ओरडला.

"येतंय होऽऽऽ! सराऽऽऽ!"

शेवटी आवाज वर जाऊन फाटला.

शिट्टीनं वर पाहिलं आणि बाजूला उडी घेतली. झाड त्याच्या अंगावर पडलं नाही. एक फांदी पायावर पडली. त्याची किंकाळी वाऱ्यातूनही ऐकू आली. मुकादम कधीच पळाला होता. धाकटा उघड्यावर उभा राहून खाली बघत होता. थोरल्यानं भुशात पडलेली करवत उचलली, मूठ काढली, आणि भावाच्या दंडाला धरून ओढलं. फडकं अजून त्याच्या तोंडातच होतं.

"तो अडकलाय दादा."

थोरल्यानं मान हलवली आणि पुन्हा ओढलं. घळीच्या खालून दुसऱ्या कुणाची शिट्टी वाजली. कुणीतरी येत होतं. मग धाकटा निघाला.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, गाडी वखारीच्या दारात आली. उतरलेल्या माणसांनी कुणाला काही विचारलं नाही. थेट पट्ट्यांच्या सदऱ्याकडे बोट दाखवलं. "हाच." धाकटा नुकताच तोंड धूत होता. तोंडावरचं पाणीही त्याला पुसू दिलं नाही. थोरला भिंतीला टेकून उभा होता, आता आपल्याकडे वळतील म्हणून. कुणी वळलं नाही. शेठ आपल्या गॅलरीतून बघत होता. त्यानं काखा वर केल्या. माणसं कोण, कुठली, आपल्याला काय ठाऊक?

गाडीत चढताना धाकटा म्हणाला, "वहिनी, आईला गादीवरून उतरू देऊ नकोस. फरशी गार आहे." भावाकडे पाहून त्यानं नुसती भुवई उडवली. लहानपणी बापाचा मार एकट्यानं खाल्ला की उडवायचा तशी.

थोरल्याच्या बायकोनं धुण्याला काढलेल्या कपड्यांत ते फडकं होतं. पाण्यात घालायच्या आधी तिनं ते उलगडलं. मधोमध दातांनी आरपार चावलेलं, भोकांच्या कडेला रक्त, आणि थुंकीनं अजून ओलं. ती बराच वेळ ते हातात धरून बसली. मग म्हणाली, "अहो, रखवालदार हाकेनं वाचला म्हणतात खालची माणसं."

"हो."

"हे तर तोंडात होतं."

तिनं फडकं धुतलं, पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं. पुढेही ती ते रोज तिथेच वाळत घालत असे. धुतलेलं असो वा नसो.

काही दिवसांनी शिट्टी आला. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी, चेहरा उतरलेला. वखारीच्या पुढच्या दारानं न येता तो मागच्या गल्लीनं आला. थोरल्याच्या बायकोनं त्याला पाट दिला, पण त्याला खाली बसता येईना, म्हणून तो चौकटीला टेकून उभा राहिला. म्हातारी गादीवर होती. थोरला कानस घेऊन करवतीपुढे बसला होता, कानस चालत नव्हती.

"आजी, कशी आहेस?"

"आहे."

"मी फार वेळ थांबत नाही. कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल." त्यानं घाम पुसला. "मी दोघांनाही बघितलं होतं. दोघांनाही ओळखलं. पण रानात एवढ्या झाडाचा बुंधा सापडला, माणूस जखमी झाला, तर कुणाला तरी धरून द्यावंच लागतं. साहेब ऐकत नाहीत. मग मी म्हटलं, एकालाच बघितलं."

थोरल्यानं वर पाहिलं.

"ज्यानं हाक देऊन माझा जीव वाचवला, त्याला मी कसा धरून देऊ? माझी पोरं आहेत घरी. म्हणून मी सदऱ्याचं सांगितलं. पट्ट्यांच्या सदऱ्याचं. तुझं नाही." त्याचे डोळे भरले. "तुझा भाऊ आहे, मला कळतं रे. पण एकाला तरी वाचवलं."

थोरल्यानं कानस खाली ठेवली.

"पण पडल्या पडल्या मला झोप नाही," शिट्टी म्हणाला. "वाऱ्यात आवाज फाटल्यासारखा आला होता. हाक तुझीच असते, सगळ्या वखारीला माहीत आहे. तरी मनात आलं, विचारून घ्यावं. उद्या साहेबासमोर माझी जबानी आहे. तोवर तो ठाण्यातच आहे. सदरा ओळखण्यात चूक झाली असं मी अजून म्हणू शकतो, मग त्याला सोडतील आणि त्याच्या जागी दुसऱ्याला नेतील, त्यांना एकच हवाय. सोडलेल्याकडे पुन्हा कुणी बघणार नाही, ते माझ्याकडे लागलं." तो थांबला. "तुझीच होती ना हाक?"

बायकोचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, दोरीवरच्या फडक्याकडे पाहिलं.

थोरल्याचं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढे वाळू आली. तीत एक माणूस उभा होता, आणि त्याचा चेहरा त्याला दिसत नव्हता, कधी भावाचा वाटे, कधी स्वतःचा. ओठाच्या चिरांतून रक्त आलं. शब्द आला नाही.

मग गादीवरून म्हातारी बोलली.

"त्याचीच. थोरल्याचीच होती. मी इथून ऐकली. मी आई आहे, मला ओळखू येणार नाही?"

शिट्टीनं मोठा श्वास सोडला. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं म्हातारीच्या पायांना हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, कुबडी घसरली, थोरल्याच्या बायकोनं सावरलं. जाताना त्यानं थोरल्याच्या खांद्यावर थोपटलं. "तुझे उपकार आहेत. मी जिवंत आहे तोवर तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही." कुबडीचा टक टक आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

थोरला आईकडे बघत बसला. आईचे डोळे दुधाळ, कुठेच न बघणारे. तिला शेपटीची हाक आणि सरळ हाक यातला फरक कळत नव्हता, असं कोण म्हणेल?

"आई..." तो म्हणाला.

"फरशी गार आहे," म्हातारी म्हणाली. "मला पांघरूण दे."

पुढे एका सकाळी ठाण्यातून नदीकडे गाडी गेली.

रान काही महिन्यांनी पुन्हा उघडलं. ओंडके यायला लागले. शेठनं थोरल्याला ठेवून घेतलं. मुकादम आताही त्याला नावानं हाक मारत नसे, पण जरा नीट बोलायचा. करवतीला दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. दोन-तीन जण लावून पाहिले, कुणाशी हात जमेना, पातं अडकायचं. शेवटी बायकोनं पदर खोचला आणि समोरची मूठ धरली. ती बरोबर ओढायची. तिनं कधी ढकललं नाही. पण तिच्या हाताला त्याचा दम कळत नसे, किंवा कळून ती हात हळू करत नसे. त्याला धाप लागली, खोकला आला, तरी तिची ओढ त्याच वेगानं यायची आणि त्याला पुढे खेचून न्यायची. ओंडका तुटायला आला की ती त्याच्या तोंडाकडे बघायची. तो तोंड मिटून शेवटची ओढ ओढायचा. हाक नाही. फडकंही नाही.

"काय रे, आता देत नाहीस भोकाड?" मुकादम हसून म्हणायचा. "आता तर रान उघडं आहे!"

नदीपलीकडून पळून आलेला एक कुंभार वखारीत कामाला लागला, तेव्हा बातमी आली. त्याला माहीत नव्हतं की ज्यांच्यासमोर तो बोलतोय ती कोण. तो आपला चहा पिता पिता सांगत होता, की अलीकडून सोडलेल्यांना काठावरच उभं करतात. त्यात एक हसरा तरणा पोरगा होता, अंगात पट्ट्यांचा सदरा, अगदी विटलेला. त्यानं आपल्या शेजारच्याला विचारलं म्हणे, की लग्नाचा आहे, रक्त लागलं तर धुऊन निघेल का?

थोरल्याच्या बायकोनं हातातली कपबशी खाली ठेवली आणि ती आत गेली. थोरला तिथेच बसून राहिला. कुंभार म्हणाला, "तुमच्या ओळखीचा होता का हो?"

थोरला म्हणाला, "नाही."

आत हे सगळं ऐकू जात होतं. भिंत ती केवढी.

त्या दुपारी म्हातारीनं त्याला जवळ बोलावलं. शिट्टी येऊन गेला त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापलीकडे बोलली नव्हती. तिनं हातानं चाचपून त्याचं तोंड शोधलं, ओठांच्या कोपऱ्यांवरून बोटं फिरवली. चिरा भरून आल्या होत्या, तिथे कातडी जाड झाली होती.

"दोघांपैकी एक जाणार होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, कुणी जावं हे आईनं कसं सांगायचं? जो घरात आहे तो घरात राहू दे. म्हणून बोलले."

"आई, मी..."

"मी बोलले, पण लगेच नाही बोलले. थांबले होते. तुला वेळ दिला होता. तू तोंड उघडशील असं वाटलं होतं मला."

तिनं हात काढून घेतला आणि कूस बदलली.

धाकटा, वय सव्वीस, त्याच वर्षी पावसाळा लागता लागता नदीपलीकडच्या वाळूवर गोळी लागून मेला. त्याचं प्रेत मिळालं नाही. म्हातारी पुढच्या उन्हाळ्यात, वाऱ्याच्या दिवसांत, एका मंगळवारी दुपारी वारली. तेव्हा वखारीत करवत चालू होती, आणि ओढ संपेपर्यंत तिला कुणी पाहिलं नाही.